लाँड्रीवाल्यांचा पेइंग गेस्ट

पेइंग गेस्टचा जन्म सिंगापूरच्या तोआ पायोह भागातल्या एका ऑफिसात, खिडकी नसलेल्या खोलीत झाला. बाळंतपण दर्शन कारखानीसनं एकट्यानं केलं. कात्रीही त्याचीच होती.

दर्शनचं काम असं: परदेशातून आलेल्या मालिका सिंगापूरच्या टीव्हीवर लागण्याआधी त्यांतलं दाखवू नये ते कापायचं. शिव्या कापायच्या, नको तिथली कातडी कापायची, आणि पुरुषानं पुरुषाकडे जरुरीपेक्षा जास्त वेळ बघितलं तर तेही कापायचं. जरूर किती, हे नियमावलीत नव्हतं. ते नजरेनं ठरवायचं. ‘आईबापांनी नाव ठेवलं दर्शन आणि पोटाला लागलं अदर्शन,’ असं तो स्वतःशीच म्हणायचा. ऑफिसात ह्या विनोदावर कोणी हसत नसे, कारण ऑफिसात मराठी कोणाला येत नव्हतं.

दोन हजार तेरा साली त्याच्या टेबलावर एक अमेरिकन मालिका आली. हसवता हसवता रडवणारी. लॉस एंजेलिसमधलं ओर्तेगा नावाचं मेक्सिकन कुटुंब, पुढे लाँड्री, मागे घर. आई ओफेलिया, तिची खट सासू आणि मुलगा बेनितो. बेनितोचं इलियास नावाच्या मुलावर प्रेम असतं, आणि घरच्यांना ‘मित्र आहे, खोली शोधतोय’ असं सांगून तो त्याला घरीच आणून ठेवतो. दर्शननं प्रेम काढलं. इलियास मात्र काढता येईना, कारण तो प्रत्येक जेवणाच्या टेबलाशी कुठे ना कुठे बसलेला असे. मग सिंगापूरकरांना दिसलं ते एवढंच, की लाँड्रीवाल्यांच्या घरी एक देखणा तरुण राहतो, जेवतो, चादरींच्या घड्या घालतो, आणि का राहतो ते कोणी सांगत नाही.

ते सांगितलं दर्शनच्या आईनं.

“अगं, पेइंग गेस्ट आहे तो,” सरोजिनीबाईंनी टॅम्पिनीसच्या फ्लॅटमधून पुण्याच्या गिरिजामावशीला स्काइपवर समजावलं. गिरिजा ही त्यांची धाकटी बहीण. तिला ही मालिका दिसत नसे, म्हणून दर गुरुवारी सकाळी सरोजिनीबाई तिला आदल्या दिवशीचा भाग सांगायच्या. मालिकेचं इंग्रजी नाव त्यांच्या जिभेवर बसेना. त्या तिला ‘लाँड्रीवाले’ म्हणत. “चांगल्या घरचा दिसतो. बाईला कामात मदत करतो. आणि ती माणसं मूळची आपल्याकडचीच असावीत गं. सासूनं परवा चप्पल फेकून मारली, नेम अगदी आपल्या आत्याबाईंसारखा. देवापुढे दिवा, भिंतीवर गेलेल्यांचे फोटो, आणि जेवल्याशिवाय कोणाला सोडत नाहीत. फक्त बोलतात तेवढं वेगळं.”

सरोजिनीबाईंना पेइंग गेस्ट ओळखू येणं साहजिक होतं. त्यांच्याही घरी एक होता.

दर्शनचे वडील जहाजावर चीफ इंजिनियर होते. सहा महिने समुद्रावर, मग काही दिवस घरी, असं करत करत ते एकदा कायमचे गेले, आणि टॅम्पिनीसच्या फ्लॅटमधली एक खोली रिकामी झाली. “घरात पुरुषमाणसाचा वावर हवा,” असं म्हणून सरोजिनीबाईंनी ती भाड्यानं दिली. दर्शन तेव्हाही घरातच होता, पण त्याला त्या धरत नसत. राहायला आला तो जोनेल व्हिलाफ्लोर, फिलिपिन्सचा. चांगी विमानतळावर सामानाचे फिरते पट्टे दुरुस्त करायचा. पहिल्याच आठवड्यात सरोजिनीबाईंनी त्याचं जोनेलचं ‘जनू’ केलं. वर्षभरात दर्शनचं आणि त्याचं जमलं. पुढे तो भाडं देतच राहिला, कारण भाडं बंद करायचं तर कारण सांगावं लागलं असतं. जगात प्रेमात पडून वेळच्या वेळी भाडं भरणारा तो एकटाच असावा.

जोनेल सरोजिनीबाईंकडून मराठी शिकला. दुपारी ड्यूटी नसली की दोघं टेबलाशी बसून मोड आलेले वाल सोलायची. दर्शनच्या हातून वालाचा चुरा व्हायचा. जोनेलच्या बोटांतून डाळिंबी अख्खी बाहेर यायची. “हा मागच्या जन्मी सीकेपी होता,” सरोजिनीबाई म्हणत. पण मराठी शिकवणारी बाई एकटी, तेव्हा जोनेल सगळं तिच्यासारखंच बोलायला लागला.

“काकू, मी आता जेवते.”

“जेवते नाही रे, जेवतो. तू पुरुष ना!”

“हो काकू. मी जेवतो. मग मी झोपते.”

सरोजिनीबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या. जोनेलही हसायचा. दर्शन हसायचा आणि ताटाकडे बघायचा.

बुधवारी संध्याकाळी तिघं ‘लाँड्रीवाले’ बघत. व्हिलाफ्लोर, ओर्तेगा, आडनावं सगळी एकाच स्पॅनिश पेटीतली, म्हणून मालिकेत काही अडलं की सरोजिनीबाई जोनेलला विचारत, “जनू, तुमच्यात असं असतं का?” आमच्या बेटावरून मेक्सिकोला जायला अख्खा पॅसिफिक ओलांडावा लागतो, हे जोनेलनं एकदा सांगून पाहिलं. “असेल,” सरोजिनीबाई म्हणाल्या, “पण चुलत तरी असालच.”

एकदा सरोजिनीबाई स्वयंपाकघरात असताना जोनेल इंग्रजीत हळूच म्हणाला, “लहानपणापासून टीव्ही बघतोय. पहिल्यांदा कोणीतरी दिसतंय, ज्याचं आडनाव माझ्यासारखं आहे आणि बाकीचंही माझ्यासारखं आहे. आणि त्यातलं बाकीचं तू कापतोस.”

“पगार त्याचाच मिळतो,” दर्शन म्हणाला.

“ठाऊक आहे. आडनाव ठेवलंस, त्याबद्दल आभार.”

पुढच्या वर्षी जोनेलला न्यूझीलंडच्या एका विमानतळावर नोकरी लागली. इथला त्याचा कामाचा पास संपत आला होता आणि पुढे मिळायची खात्री नव्हती. दर्शननंही मागून यावं, असं दोघांचं बोलणं झालेलं होतं. जायचा दिवस ठरला तेव्हा जोनेलनं एकच गोष्ट मागितली. “तुझ्या आईला सांग. तिनं मला जवळ घ्यावं असं मी म्हणत नाही. रागावली तरी चालेल. पण ह्या घरातून मला भाडेकरू म्हणून जायचं नाहीये. भाडेकरू म्हणून गेलो, तर तू मागून येणार नाहीस. हे मला कळतं आणि तुलाही कळतं.”

“सांगतो,” दर्शन म्हणाला. आणि मनापासून म्हणाला.

आता सांगायचं म्हणजे तोंड उघडायचं. दर्शननं आयुष्यात एवढं कापलं होतं की आपण होऊन काही जोडायची त्याला सवय नव्हती. पण नशिबानं त्याच आठवड्यात त्याच्या टेबलावर तो भाग आला, ज्यात बेनितो आपल्या आईला सांगतो. लाँड्रीच्या मागच्या खोलीत, यंत्रं गरगरत असताना. ‘ममा, इलियास पाहुणा नाही. तो माझा आहे.’ ओफेलिया हातातला ओला टॉवेल पिळत राहते, पिळायला काही उरत नाही तरी पिळते. रडते. मग दाराकडे बघून विचारते, ‘तो जेवलाय का?’

हे जसंच्या तसं जाऊ द्यायचं, असं दर्शननं ठरवलं. बुधवारी आई बघेल, आपण शेजारी बसू, तिला कळेल आणि आपल्याला नुसतं मान हलवायचं काम उरेल. एखाद्या मुलानं आपली गोष्ट आईला सांगायला लॉस एंजेलिसहून माणसं बोलावावीत, यात त्याला तेव्हा काही विचित्र वाटलं नाही.

त्याच्या वरच्या अधिकारी मिसेस कोह प्रत्येक भाग जाण्यापूर्वी बघत. त्यांनी तो सीन बघितला. परत बघितला. चष्मा काढून पुसला.

“कॅनॉट लाह, दर्शन,” त्या म्हणाल्या. म्हणजे सिंगापुरी इंग्रजीत, चालणार नाही.

“निदान टॉवेल तरी ठेवू या? टॉवेलमध्ये काय आहे?”

“टॉवेल कॅन,” मिसेस कोह विचार करून म्हणाल्या. “बोलणं कॅनॉट.” मग त्यांनी त्याच्यापुढे टिश्यूचा बॉक्स सरकवला, एक आपण घेतला, आणि दोघांनी नाकं पुसून झाल्यावर दर्शन कापायला बसला. कट सुरेख झाला. बेनितो तोंड उघडतो, यंत्राचा आवाज वाढतो, आणि एकदम ओफेलिया टॉवेल पिळत रडताना दिसते. दाराबाहेर इलियास बॅग घेऊन उभा. जोड कुठे आहे हे दर्शनलाही शोधावं लागलं असतं.

बुधवारी संध्याकाळी तिघं बसली. सरोजिनीबाईंनी ओफेलियाला रडताना बघितलं, बॅग बघितली, आणि त्यांचा चेहरा मऊ झाला. जोनेलनं हातातली वाटी खाली ठेवली.

“भाडं थकलं असणार बिचाऱ्याचं,” सरोजिनीबाई म्हणाल्या. “आणि एवढ्या गुणी मुलाकडे मागायचं म्हणजे बाईच्या जिवावर आलंय. म्हणून रडतेय.” मग जोनेलकडे वळून कौतुकानं म्हणाल्या, “आमच्या जनूनं नाही हो कधी थकवलं.”

जोनेल दर्शनकडे बघत राहिला. जरुरीपेक्षा जास्त वेळ. दर्शनला हातात काहीतरी हवंसं वाटलं. त्यानं रिमोट घेतला आणि आवाज उगीचच वाढवला. जोनेल उठला आणि वाटी धुवायला गेला. एक वाटी धुवायला त्याला पुढचा सगळा भाग लागला.

त्यानंतरही दिवस होते. सांगता आलं असतं. दर्शन रोज सकाळी ‘आज’ म्हणायचा आणि संध्याकाळी ‘आज आई दमलीय’ म्हणायचा. सरोजिनीबाई कधी नव्हे त्या तेव्हा ठणठणीत होत्या.

जायच्या दिवशी दुपारी जोनेल बॅगा घेऊन दारात उभा राहिला. आयुष्यभर लोकांच्या बॅगा फिरत्या ठेवलेल्या माणसाच्या स्वतःच्या दोनच होत्या. सरोजिनीबाईंनी त्याच्या हातावर दही घातलं. त्यानं ते मुकाट्यानं चाटलं आणि वाकून नमस्कार केला. तोही त्यांनीच शिकवलेला.

“काकू, मी जाते,” तो म्हणाला.

“जाते नाही रे—”

“जातो,” त्यानं दुरुस्त केलं.

“तसंही नाही,” सरोजिनीबाई घाईघाईनं म्हणाल्या. “घरातून निघताना ‘जातो’ म्हणू नये, जनू. अशुभ असतं. ‘येतो’ म्हणायचं. म्हण, येतो.”

जोनेलनं दर्शनकडे बघितलं. दर्शन बॅगेच्या चाकात अडकलेला दोरा काढत होता. दोरा निघाला होता, तरी काढत होता.

“जातो, काकू,” जोनेल म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचं पुल्लिंग न सांगता बरोबर आलं, आणि क्रियापद चुकलं.

दर्शन लिफ्टपर्यंत गेला. लिफ्टचं दार उघडल्यावर जोनेल बॅगा आत ओढत म्हणाला, “तू फार चांगला एडिटर आहेस. जोड दिसतच नाही.” विमानतळावर येऊ नकोस, असं त्यानं आधीच सांगितलं होतं. सामान कसं जातं ते त्याला माहीत होतं.

पहिल्या महिन्यात दोघांचे फोन झाले. मग मेसेज. मग जोनेलनं एकदा साधेपणानं लिहिलं, की आता वाट बघणं मी थांबवतोय. दर्शननं तो मेसेज पुष्कळदा वाचला आणि उत्तरादाखल अंगठा पाठवला. दुसरं काही पाठवायला हवं होतं हे त्याला कळलं, पण अंगठा गेलेला होता.

घरी सरोजिनीबाई त्या ‘जातो’वर अडकून बसल्या. “असं का म्हणाला असेल तो? मी सांगितल्यावरसुद्धा?” त्या भाजी चिरताना विचारत, कपडे वाळत घालताना विचारत. “माझं काही चुकलं का रे? भाड्याचं बोलले ते लागलं असेल का त्याला?” रिकाम्या खोलीसाठी दुसरं माणूस बघू या का, असं दर्शननं एकदा विचारलं. “नको,” त्या म्हणाल्या. “आता पुरे झाले पुरुष.”

‘लाँड्रीवाल्यां’चे पुढचे भाग आले. त्यांत बेनितो आणि इलियासचं बिनसतं, रडारड होते, ओफेलियाची चप्पल फेकणारी सासू इलियासला निरोप देताना त्याच्या खिशात आपली जपमाळ घालते. ह्यातलं काहीच ठेवण्यासारखं नव्हतं. दर्शननं सगळं काढलं. ह्या वेळी मिसेस कोहना बोलावंही लागलं नाही. त्यामुळे एका बुधवारी इलियास टेबलाशी बसून भात खात होता, आणि पुढच्या बुधवारी त्या खुर्चीवर चादरींचा ढीग होता.

“तो पेइंग गेस्ट कुठे गेला?” सरोजिनीबाईंनी विचारलं.

दर्शन पाणी आणायला उठला.

पुढच्या बुधवारी त्यांनी परत विचारलं. त्याच्या पुढच्या बुधवारी त्या भडकल्याच. “काय माणसं आहेत ही! एवढे दिवस घरात राहिला, ह्यांच्या चादरींच्या घड्या घातल्या, आणि गेला तर कोणी नावसुद्धा काढत नाही? कोणाच्या डोळ्यांतून टिपूस नाही? मला वाटलं होतं आपल्यासारखी आहेत. कसली आपल्यासारखी!” त्यांनी टीव्ही बंद केला. “तू विचार तुझ्या ऑफिसात. घरातलं माणूस असं नाहीसं कसं होतं म्हणावं.”

रविवारी सकाळी त्या वाल सोलायला बसल्या. समोरची खुर्ची रिकामी होती. दर्शन तिच्यात जाऊन बसला, एक वाल घेतला आणि त्याचा चुरा केला.

“ऑफिसात विचारलं,” तो म्हणाला.

“मग? काय झालं त्याचं?”

“त्याचं काही झालं नाही. मी कापला त्याला.”

आणि त्यानं सांगायला सुरुवात केली. तो काही सांगणारा माणूस नव्हता, पण सीन त्याला पाठ होते. कापायची वस्तू इतक्यांदा बघावी लागते की ती डोळ्यांपुढून हलत नाही. बेनितो आणि इलियास पहिल्यांदा कुठे भेटले ते सांगितलं. यंत्राच्या आवाजात बोललेलं सांगितलं. एकच चादर दोन टोकांनी धरून दोघं जवळ येतात, ते सांगितलं. सरोजिनीबाईंचे हात चालू होते. सालं एका बाजूला, डाळिंब्या एका बाजूला.

“मग तो आईला सांगतो,” दर्शन म्हणाला. “ममा, इलियास पाहुणा नाही. तो माझा आहे.”

सालं पडायची थांबली.

“भाडं नव्हतं थकलं,” सरोजिनीबाई म्हणाल्या.

“नाही.”

“मग तिनं काय केलं? ओफेलियानं?”

“रडली. ते ठेवलं होतं मी. आणि मग म्हणाली, ‘तो जेवलाय का?’”

सरोजिनीबाई बराच वेळ खिडकीबाहेर समोरच्या ब्लॉकच्या वाळणाऱ्या कपड्यांकडे बघत राहिल्या. बांबूंवर कोणाकोणाचे शर्ट हात पसरून टांगलेले होते.

“म्हणून ‘जातो’ म्हणाला का रे जनू?”

दर्शननं मान हलवली. अखेर तेवढंच काम उरलं होतं, जसं त्यानं ठरवलं होतं.

“मला का नाही सांगितलंस?”

“तू काय म्हणाली असतीस?”

“मला काय माहीत!” त्या एकदम ओरडल्या. “रडले असते. डोकं आपटलं असतं. तुझ्या बाबांच्या फोटोपुढे जाऊन काहीबाही बोलले असते. तुम्हां दोघांना घराबाहेरसुद्धा काढलं असतं एखादा दिवस. पण ते माझं मला करू द्यायचं होतंस ना? नंतर मीही विचारलं असतं, जेवलाय का म्हणून. त्याला दही घातलं मी हातावर, ते काय म्हणून घातलं हे मला तरी कळलं असतं.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, “तू माझाच सीन कापलास रे.”

दर्शननं आणखी एका वालाचा चुरा केला. एरवी त्याला विनोद सुचायचा.

थोड्या वेळानं त्यांनी हात धुतले, फोन मागितला आणि आवाज पाठवायचा तर कुठे दाबून धरायचं ते विचारलं. फोन तोंडाशी आडवा धरून त्या सावकाश बोलल्या, जणू पलीकडे अजून पहिलीच बाराखडी चालली होती. “जनू, काकू बोलतेय. बरा आहेस ना? जेवतोस ना वेळेवर? इकडे वाल सोलतेय. दर्शन सगळा चुरा करतोय. मला आज कळलं. उशिरा कळलं. तू फक्त एकदा ‘येतो’ म्हण.” इथे त्यांनी नाक ओढलं, पण बोट त्यांनी उचललं नाही. “‘येते’ म्हणालास तरी चालेल.”

मेसेज गेला. पोचला. दुपारी दोन्ही खुणा निळ्या झाल्या, म्हणजे ऐकला असावा. सरोजिनीबाईंनी फोन आपल्याजवळच ठेवला, सोमवारी ठेवला, मंगळवारी ठेवला. बुधवारी टीव्ही लावला नाही. उत्तर आलं नाही.

गुरुवारी सकाळी ठरल्या वेळी स्काइप वाजला. दर्शन ऑफिसला निघायच्या तयारीत बूट घालत होता.

“काय गं,” गिरिजामावशी पुण्याहून म्हणाली, “कालचा भाग सांग. सापडला का तो लाँड्रीवाल्यांचा पेइंग गेस्ट?”

“गेला गं तो. परत येईल असं वाटत नाही.”

“आणि तुमच्याकडचा तो? तुझ्याबरोबर वाल सोलायचा, जेवते-झोपते करायचा तो? त्याची काही खबर?”

सरोजिनीबाईंनी दाराकडे बघितलं. दर्शनचा एक बूट पायात होता, एक हातात.

“जनू ना,” त्या म्हणाल्या. “तो…” आणि मग म्हणाल्या, “पेइंग गेस्टच तो. न्यूझीलंडला असतो हल्ली. तुझे गुडघे कसे आहेत?”

मध्ये एवढासा थांबा होता. दर्शन त्याच धंद्यातला, म्हणून त्याला तो दिसला. गिरिजामावशीला दिसला नाही. ती गुडघ्यांचं सांगायला लागली.